रक्ताच्या उलटीनंतर, दर चार तासांनी

(दृश्य: स्टीलचा ट्रे. त्यात एक मिलिग्रॅमच्या दोन लहान कुप्या, शेजारी 20 मिलीची सिरिंज.)

या दोन कुप्यांत टर्लिप्रेसिन आहे. लिव्हर सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होण्याच्या आजाराच्या) पेशंटला रक्ताची मोठी उलटी झाली की कॅज्युअल्टीत जी इंजेक्शनं सर्वांत आधी काढली जातात, त्यांतलं हे एक. वाहणारं रक्त आवरायला हे फार मोलाचं औषध आहे. पण देणाऱ्याची नजर हटली तर याच औषधानं पायाची बोटं काळीनिळी पडतात, हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो, रक्तातलं सोडियम एक-दोन दिवसांत घसरतं. म्हणून ते रुग्णालयातच द्यायचं, मॉनिटर लावलेल्या खाटेवर.

रक्त येतं कुठून, ते आधी पाहू. आतडी आणि प्लीहा यांतलं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर कडक झालं की ते तुंबतं आणि आडवाटेनं निघतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असलेल्या बारीक शिरा त्या लोंढ्यानं फुगतात. याच व्हॅरिसेस. पोर्टल शिरेतला जादा दाब पाऱ्याच्या 12 मिलिमीटरच्या वर गेला की त्या फुटण्याची भीती असते. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, फॅटी लिव्हर ही नेहमीची कारणं. आपल्याकडे लहान मुलांतही असा रक्तस्राव दिसतो. त्यांचं लिव्हर बहुधा धड असतं, पण पोर्टल शीरच गुठळीनं बंद झालेली असते.

(दृश्य: आकृती. आतड्याच्या रक्तवाहिन्या आकसताना.)

व्हॅसोप्रेसिन हे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येणारं हार्मोन. रक्तवाहिन्या आवळणं आणि शरीरात पाणी धरून ठेवणं ही त्याची दोन कामं. पूर्वी तेच शिरेतून सतत देत असत. आतड्यांकडे जाणारं रक्त कमी व्हायचं, पण हृदयाच्या धमन्याही आवळल्या जायच्या. टर्लिप्रेसिन हे त्याचं सुधारलेलं रूप. त्याच्या रेणूला ग्लायसिनचे तीन तुकडे शेपटीसारखे जोडलेले असतात. शरीरातली एन्झाइम्स ते एकेक करून तोडतात आणि खरं हार्मोन हळूहळू मोकळं होतं. एका इंजेक्शनचा परिणाम तासन्‌तास टिकतो तो यामुळे, आणि चार तासांचं वेळापत्रकही यावरूनच ठरलं आहे.

औषध सुरू करायला एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीची, वाट पाहायची नाही. सिरॉसिसची खूण दिसते आहे, पोटात पाणी आहे, कावीळ आहे आणि रक्ताची उलटी झाली आहे, एवढ्यावरून पहिला डोस द्यावा, मग एंडोस्कोपीची तयारी करावी. ती 12 तासांच्या आत व्हायला हवी. एंडोस्कोपीत अल्सर निघाला तर हे औषध थांबवायचं, कारण अल्सरच्या रक्तस्रावाचा उपचार वेगळा आहे.

पहिल्या डोसआधी मात्र चार गोष्टी बघायच्याच: ईसीजी, बीपी, बोटावरचा ऑक्सिजन आणि सोडियम. छातीत दुखण्याचा इतिहास, अँजिओप्लास्टी, पायाच्या धमन्यांचा आजार, गरोदरपण, यांतलं काही असेल तर डॉक्टर सहसा दुसरं औषध निवडतात. ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली असेल तर आधी श्वास सावरायचा. किडनीच्या आजारासाठी हेच औषध देताना काही पेशंटची फुप्फुसं निकामी झाली. अमेरिकेत 2022 मध्ये त्या वापराला मंजुरी मिळाली तीच ठळक इशाऱ्यासह. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि सलाईन भरमसाट चढवलेल्या पेशंटला हा धोका जास्त असतो.

(दृश्य: सिस्टरचा हात पेशंटच्या कोपराजवळची शीर चाचपतो.)

आता शीर. मनगटाच्या मागची नाजूक शीर इथं नको. कोपर आणि मनगट यांमधली जाड, सरळ शीर घ्यायची, त्यात 18 नंबरची, म्हणजे हिरव्या टोपीची कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी). आधी 10 मिली सलाईन सोडून बघायचं. फुगतंय का? दुखतंय का? शंका आली तर जागा बदलायची. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि कातडी मरते. सुरुवातीला फक्त पांढुरका, गार डाग दिसतो. तो दिसताच इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना बोलवायचं.

डोस साधारण असा: सुरुवातीला 2 मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश, दर चार तासांनी. रक्त थांबलं की दर चार तासांनी 1 मिलिग्रॅम. एकूण दोन ते पाच दिवस. 50 किलोपेक्षा कमी वजनाच्या, हडकुळ्या पेशंटला पुढचे डोस कमी ठेवतात. काही ठिकाणी हेच औषध 24 तास पंपावर सतत देतात. एकूण मात्रा कमी लागते आणि त्रासही कमी होतो.

चूक होते ती कुपीपाशी. एका कंपनीची कुपी पावडरची असते, सोबत 5 मिली पाणी. दुसरीचं तयार द्रावण असतं, 10 मिलीत 1 मिलिग्रॅम. म्हणजे 2 मिलिग्रॅमचा डोस कधी 10 मिली, तर कधी 20 मिली भरतो. कालच्या सवयीनं आज मिली मोजले की डोस निम्मा होतो किंवा दुप्पट. काही लेबलांवर 0.85 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ते औषध कमी नाही. 1 मिलिग्रॅम टर्लिप्रेसिन अ‍ॅसिटेटमध्ये मूळ औषध तेवढंच भरतं. केसपेपरवर ‘एक वायल’ असं कधीच लिहू नये, मिलिग्रॅमच लिहावं.

तयार द्रावणाची कुपी फ्रिजमध्ये राहते, 2 ते 8 अंशांवर. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाणाऱ्या नातेवाइकाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि बर्फाचं पाकीटही द्यायला हवं. पहिल्या दिवशी 12 कुप्या लागू शकतात. रात्री दोनला संपल्याचं कळण्यापेक्षा संध्याकाळीच मोजून ठेवलेल्या बऱ्या.

(दृश्य: पेशंटचा चेहरा, मग मॉनिटर.)

इंजेक्शननंतर काही मिनिटांतच पेशंटचा चेहरा पांढराफटक पडतो. नातेवाईक घाबरतात, ‘परत रक्त जातंय का हो सिस्टर?’ म्हणतात. इथं नाडी आणि बीपी बघायचं. औषधानं चेहरा उतरला असेल तर बीपी वाढलेलं असतं आणि नाडी संथ असते. रक्त जात असेल तर उलट, बीपी खाली आणि नाडी जलद. एक सावधगिरी: पेशंट आधीपासून प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल ही नाडी संथ करणारी औषधं घेत असेल तर रक्त जात असतानाही नाडी वाढत नाही. तेव्हा नाडीवर विसंबायचं नाही, बीपी आणि हिमोग्लोबिन बघायचं.

पोटात कळ येऊन पातळ शौचाला होणं हाही या औषधाचाच परिणाम. त्यातून आधीचं साठलेलं रक्त डांबरासारखं काळं पडतं, एक-दोन दिवस. मात्र लाल रक्त पडलं, किंवा पोट सतत दुखून फुगायला लागलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यायची आणि पुढचा डोस थांबवायचा.

दर डोसआधी चादर बाजूला सारायची. पायमोजे काढायचे. हातापायांची बोटं, पोटाची कातडी, पुरुषांत अंडकोश, सगळं उजेडात बघायचं. जांभळट जाळी, गार पडलेलं बोट, निळसर नख यांतलं काहीही दिसलं तर डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टर. ऑक्सिमीटर बोटावर आकडा दाखवेना झाला तर मशीन बिघडलं असं गृहीत धरू नये. बोटाच्या रक्तवाहिन्या आवळल्यानंही तसं होतं. कानाच्या पाळीवर लावून बघावं आणि बोट पुन्हा तपासावं.

सोडियम रोज बघायचं, घसरत असेल तर दिवसातून दोनदा. हार्मोनचं पाणी धरून ठेवायचं काम इथं आडवं येतं. पेशंट गुंगीत गेला की सगळे ‘लिव्हरचा कोमा’ म्हणतात, आणि सोडियम 120 पर्यंत घसरलेलं असतं. पोटॅशियमही सांभाळायचं. एंडोस्कोपीआधी पोट रिकामं व्हावं म्हणून एरिथ्रोमायसिन देतात, त्यानं ईसीजीवरचा क्यूटी काळ, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, लांबतो. त्यात पोटॅशियम कमी असेल तर ठोके बेताल होऊ शकतात. म्हणून ईसीजी पुन्हा काढायचा.

सोबतचे उपचार तितकेच महत्त्वाचे. सेफ्ट्रियाक्सोन रोज 1 ग्रॅम, कारण या पेशंटना जंतुसंसर्ग फार लवकर गाठतो. रक्त चढवायचं ते बेतानं. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावर सुरू करायचं, 7 ते 8 मध्ये ठेवायचं. 2013 मध्ये बार्सिलोनातल्या अभ्यासात हात राखून रक्त दिलेले पेशंट जास्त वाचले. ‘चार बाटल्या चढवा’ हा आग्रह मायेपोटीच असतो, पण जादा रक्तानं पोर्टल शिरेतला दाब पुन्हा वाढतो.

हृदयरोग्याला टर्लिप्रेसिन चालत नसेल तेव्हा ऑक्ट्रिओटाइड देतात. हे सोमॅटोस्टॅटिन या दुसऱ्या हार्मोनचं रूप. आधी 50 मायक्रोग्रॅम एकदम, मग तासाला 50 मायक्रोग्रॅम सिरिंज पंपावर. 500 मायक्रोग्रॅम सलाईनमध्ये मिसळून एकूण 50 मिली केलं आणि पंप तासाला 5 मिलीवर ठेवला, की हिशेब जुळतो. सिरिंज दहा तास पुरते. नववा तास लागला की पुढची भरून ठेवायची. शुगर वरही जाते, खालीही येते, म्हणून ती नेमानं तपासायची. याच नावाचं महिन्यातून एकदा द्यायचं डेपो, म्हणजे शरीरात सावकाश सुटणारं, इंजेक्शनही मिळतं. त्यात मिलिग्रॅममध्ये औषध असतं आणि ते कुल्ल्यातच देतात. ते चुकूनही शिरेत जाता कामा नये.

(दृश्य: पहाटेचा वॉर्ड. भिंतीवरचं घड्याळ, सहा वाजलेले.)

एंडोस्कोपीत फुगलेल्या शिरेला आवळणारे रबरी बँड बसले, उलटी थांबली, पेशंटला झोप लागली. डोस चुकतात ते याच रात्री. बँड बसला तरी पोर्टल शिरेतला दाब तिथंच असतो आणि पहिल्या पाच दिवसांत शीर पुन्हा फुटायचा धोका मोठा असतो. दहा, दोन, सहा, या वेळा चार्टवर आधीच लिहून ठेवायच्या. प्रत्येक वेळेपुढे तीन नोंदी करायच्या: बीपी, बोटांचा रंग, कॅन्युलाची जागा. सकाळी आठला ड्यूटी बदलताना तो कागद पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून, बोटं दाखवून दुसऱ्या सिस्टरच्या हाती द्यायचा.

औषध बंद झाल्यावरही सोडियम दोन दिवस बघायचं. धरून ठेवलेलं पाणी एकदम सुटतं आणि सोडियम झपाट्यानं वर जातं, ते मेंदूला घातक असतं. डिस्चार्ज कार्डावर प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल कधी सुरू करायचं ते लिहायचं, आणि पुढच्या बँडिंगची तारीखही. ती दोन ते चार आठवड्यांनंतरची असते.