गृहमतदान: दोन पाकिटं आणि एक घोषणापत्र

(दृश्य: चाळीचा अरुंद जिना. कुलूपबंद पेटी, काखेत पुठ्ठ्याची घडी.)

महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला. घरी येऊन मत घेणारं हे पथक जिना चढतंय ते त्याच्या आधीच. दोन मतदान अधिकारी, प्रक्रियेवर लक्ष ठेवणारा सूक्ष्म निरीक्षक, पोलीस आणि व्हिडिओग्राफर. कोणत्या दिवशी कुणाच्या घरी जायचं, हे उमेदवारांनाही आधी कळवलेलं असतं. त्यांचा प्रतिनिधी हवं तर सोबत येतो.

वय ८५ च्या पुढे, किंवा दिव्यांगत्व किमान ४० टक्के. अशा मतदारांसाठी देशभर घरूनच मत देण्याची ही सोय लोकसभेला पहिल्यांदा झाली ती २०२४ मध्येच. त्या वेळी गडचिरोलीत दोन वृद्ध मतदारांसाठी पथक अहेरीहून सिरोंच्याकडे १०७ किलोमीटर गेलं होतं.

(दृश्य: स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो.)

आडोसा भिंतीकडे तोंड करून लावलाय. मतदाराच्या पाठीमागे खिडकी नको, आरसा नको, नातवंडंही नकोत. ओळखपत्र यादीशी ताडून झालं की मतपत्रिका हातात येते.

"आजी, आधी इथं सही करा. नाहीतर अंगठा चालेल."

हे १३ ए, म्हणजे घोषणापत्र. मतपत्रिकेचा अनुक्रमांक त्यावर लिहायचा, आणि सही मतदाराचीच आहे असं अधिकाऱ्यानं साक्षांकित करायचं. आता व्हिडिओग्राफर कॅमेरा वळवतो. चित्रीकरण सगळ्याचं होतं, खूण करतानाचं नाही.

(दृश्य: आडोशामागून फक्त कोपर दिसतं.)

खूण एकाच नावापुढे, स्पष्ट. सवयीनं खाली सही केली किंवा नाव लिहिलं, तर मतदार ओळखू येतो आणि मत बाद होतं. आयुष्यभर कागद दिसला की सही करत आलेल्या माणसाला हे आधीच सांगावं लागतं.

दिसत नसेल किंवा हात चालत नसेल, तर मदतीला एक प्रौढ माणूस घेता येतो. तो कोण, हे मतदारानं ठरवायचं. मुलानं "मी करतो, दे इकडे" म्हणायचं नाही. घरात असताना हे पाळणं अवघड जातं, म्हणूनच अधिकाऱ्यानं ठामपणे सांगायला हवं. मत त्या खाटेवरच्या माणसाचं आहे.

(दृश्य: जवळून. थरथरती बोटं, डिंकाची बाटली.)

मतपत्रिकेची घडी. ती छोट्या पाकिटात, म्हणजे १३ बी मध्ये. या पाकिटावर तोच अनुक्रमांक. डिंक लावून पाकीट बंद. मग मोठं पाकीट, १३ सी. त्यात बंद केलेलं छोटं पाकीट, आणि त्याच्या शेजारी सुटं घोषणापत्र. सगळ्यात जास्त चूक होते ती इथंच: घोषणापत्र मतपत्रिकेसोबत छोट्या पाकिटात जातं, किंवा टेबलावरच राहून जातं. पेटीत टाकण्यापूर्वी दोन्ही अनुक्रमांक मोठ्यानं वाचून जुळवावेत. त्याला अर्धं मिनिट लागतं.

दार बंद असेल तर पथक आणखी एकदा येतं. त्यानंतर येत नाही.

(दृश्य: बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या हातात अर्जांचा गठ्ठा.)

ही सोय आपोआप मिळत नाही. त्यासाठी १२ डी अर्ज भरावा लागतो, तोही अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत. विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे मुदत २७ पर्यंत. बीएलओ अर्ज घरी आणून देतात आणि भरलेला घेऊन जातात. दिव्यांग मतदारानं प्रमाणपत्राची प्रत जोडायची. पण अर्ज ऐच्छिक आहे, आणि तो मंजूर झाला की यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) अशी नोंद होते. मग मतदानाच्या दिवशी कितीही बरं वाटलं तरी केंद्रावर मत देता येत नाही. घरच्यांनी सही घेण्याआधी हे आजोबांना विचारलेलं असावं.

(दृश्य: मतमोजणीचं टेबल, २३ नोव्हेंबर.)

सकाळी आठला मोजणी टपाली मतांपासून सुरू होते, आणि घरून दिलेली मतं त्यातच येतात. आधी मोठं पाकीट उघडतात. घोषणापत्र नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा अनुक्रमांक जुळत नसेल, तर छोटं पाकीट उघडतच नाहीत. मत बाद. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी.