बातम्यांचे मालक मोजणारा पत्रकार : बेन बॅगडिकियन

१७ जून १९७१. बोस्टनहून वॉशिंग्टनला निघालेल्या विमानात 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या राष्ट्रीय वृत्तविभागाचे प्रमुख बेन बॅगडिकियन यांनी दोन आसने घेतली होती. एक स्वतःसाठी आणि दुसरे एका खोक्यासाठी. त्या खोक्यात व्हिएतनाम युद्धाविषयीच्या गोपनीय सरकारी अहवालाची चार हजारांहून अधिक पाने होती. तो अहवाल तयार करण्याच्या कामात सहभागी असलेले युद्धविरोधी विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी ती पाने त्यांच्या हवाली केली होती. हाच अहवाल छापू लागलेल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'विरुद्ध निक्सन सरकारने न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता.

खोके थेट संपादक बेन ब्रॅडली यांच्या घरी पोहोचले, तेव्हा दाराबाहेर त्यांची लहान मुलगी लिंबूपाणी विकत होती. आत एका खोलीत बातमीदार पाने चाळत होते आणि दुसरीकडे वकील छपाईला कडाडून विरोध करत होते, कारण 'पोस्ट'च्या कंपनीचे समभाग नुकतेच बाजारात आले होते आणि सरकारी खटल्याने ते धोक्यात आले असते. छापण्याचा हक्क बजावायचा तर छापणे हाच मार्ग आहे, असे बॅगडिकियन यांनी ठामपणे सांगितले. अखेर मालकीणबाई कॅथरिन ग्रॅहम यांनी फोनवरून होकार दिला. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

तो होकार एका मालकाचा होता, आणि मालक कचरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न बॅगडिकियन यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाच्या मुळाशी आहे असे आम्हांला वाटते.

१९२० मध्ये मराश (आजच्या तुर्कस्तानातील शहर) येथे आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले बॅगडिकियन तान्हे असतानाच आईवडिलांना जीव वाचवून परागंदा व्हावे लागले, आणि ते वाढले अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. तुरुंगांविषयी लिहिण्यासाठी ते खुनाच्या कैद्याचे सोंग घेऊन पेनसिल्व्हेनियातील तुरुंगात राहिले. पुढे 'पोस्ट'मध्येच वाचकांच्या वतीने स्वतःच्या वृत्तपत्राची झाडाझडती घेण्याचे अवघड काम त्यांनी केले.

१९८३ मध्ये त्यांचे 'द मीडिया मोनोपोली' प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील वृत्तपत्रे, मासिके, पुस्तके, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांच्या निम्म्याहून अधिक व्यवहारावर पन्नास कंपन्यांचा ताबा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. मालक रोज उठून बातमी दाबायला सांगत नाही; जाहिरातदाराला आणि मालकाच्या इतर धंद्यांना काय खुपेल, हे बातमीदार हळूहळू आपणहून ओळखू लागतो आणि तो विषय हातीच घेत नाही, ही त्यांची मांडणी त्या आकड्याहूनही मोलाची आहे.

तेव्हा अनेकांनी त्यांना उगाच भीती घालणारा ठरवले. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मालकीवरील मर्यादा आणखी सैल केल्या, आणि २००४ च्या नव्या आवृत्तीत बॅगडिकियन यांनी मोजलेल्या बलाढ्य कंपन्या उरल्या होत्या अवघ्या पाच. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवलेले बॅगडिकियन २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्याच शहरात निवर्तले.