सगळंच कसं गुप्त?

नमनाला घडाभर तेल घालत नाही, कारण अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. तेही उघड उघड.

इंग्रजीतले लपवाछपवीचे शब्द, असा विषय पत्रिकेत छापलाय. त्यातलं माझं एक जुनं दुखणं आहे, ते आधी ऐका. पुष्कळ वर्षांपूर्वी एका साप्ताहिकासाठी मी बे ऑफ पिग्जवरचा लेख मराठीत केला, म्हणजे अमेरिकेनं १९६१ साली निर्वासित क्यूबनांना पुढे करून कॅस्ट्रोच्या क्यूबावर केलेल्या फसलेल्या स्वारीवरचा. मूळ लेखात दोन शब्द होते, कोव्हर्ट आणि क्लँडेस्टाइन. दोन रात्री डोकं खाजवून मी दोघांना दोन वेगळे शब्द शोधले. उपसंपादकांनी हिरव्या शाईनं दोन्ही खोडले आणि सरसकट 'गुप्त' करून टाकलं. छापून आलं ते असं: 'या गुप्त कारवाईची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने आधीच पहिल्या पानावर दिली होती.' आठवड्याभरात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. पहिल्या पानावर छापलेलं गुप्त कसं, याचा खुलासा व्हावा! खुलासा माझ्याकडे होता, पण मला विचारतो कोण?

बरं, बातमी खरंच आली होती. ग्वाटेमालात चाललेल्या लष्करी तयारीची, १० जानेवारी १९६१ला. म्हणजे कारवाई काही फारशी लपलेली नव्हती. लपवायचा होता तो करविता, म्हणजे अमेरिका. १५ एप्रिलला बी-२६ विमानांनी क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. आता बॉम्ब काही गुपचूप पडत नाहीत! पण विमानांवर क्यूबाच्याच हवाई दलाच्या खुणा रंगवल्या होत्या, म्हणजे कॅस्ट्रोचेच वैमानिक फितूर झाले असं जगाला वाटावं. एक विमान तर आधीच गोळ्यांची भोकं पाडून मायामीला उतरवलं. संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे राजदूत स्टीव्हन्सन यांनी त्याचा फोटो पुरावा म्हणून दाखवला. त्यांना बिचाऱ्यांना खरं कुणी सांगितलंच नव्हतं. घोटाळा झाला नाकाशी. कॅस्ट्रोच्या बी-२६ चं नाक पारदर्शक, याचं भरीव, धातूचं. पत्रकारांनी ते हेरलं. एरवी नाक कापलं की अब्रू जाते, इथे धड नाकानंच घालवली.

तर हे कोव्हर्ट. शब्दाचा मूळ अर्थ झाकलेलं. पांघरुणाखाली कुणीतरी आहे हे दिसतं, कोण ते कळत नाही. अमेरिकेच्या १९४८ च्या आदेशात हेच म्हटलंय: सरकारचा हात दिसू नये, आणि उघडकीस आलंच तर कानांवर हात ठेवता यावेत. मी शब्द दिला होता 'नामानिराळी कारवाई'. तो खोडला हो त्यांनी!

क्लँडेस्टाइनला मी 'बिनबोभाट' लिहिलं होतं. तिथे गोष्टच कळता कामा नये. बर्लिनमध्ये १९५५ साली अमेरिकन आणि ब्रिटिश हेरांनी बोगदा खणून रशियनांच्या टेलिफोन तारांना कान लावला, तो प्रकार. बोगदा सापडला की खेळ खलास. (रशियनांना तो आधीपासून ठाऊक होता, ही वेगळीच गंमत, पण आज वेळ नाही.) आपल्या घरातलं उदाहरण हवं तर चोरओटी घ्या. तिसऱ्या महिन्यात चार बायका दार लोटून ओटी भरतात. कोण भरतंय हे महत्त्वाचं नाही, भरली हेच बाहेर कळू द्यायचं नसतं.

आता उरलेले शब्द पळत पळत. फर्टिव्हच्या मुळाशी लॅटिन 'फुर', म्हणजे चोर. आपली चोरटी नजर तीच. त्यात कृती क्षुल्लक असते, पण मन खात असतं. स्टेल्थ हा स्टीलचा भाऊ, म्हणजे चोरण्यातल्या, लोखंडातल्या नव्हे. आपली चोरपावलं. सरेप्टिशस म्हणजे मुळात खालून हळूच लांबवणं, समोरच्याच्या नाकाखालून. अंडरहँड मात्र सरळ शिवी आहे, त्यात लबाडी आली...

ही चिठ्ठी आली बघा. 'आवरा.' पहिल्या रांगेतून हातोहात आली, सगळ्यांनी पाहिली, म्हणजे क्लँडेस्टाइन नाही. खाली सही नाही. अध्यक्ष छताकडे बघतायत.