समुद्र पिणारं शहर

(फोंड्यातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, वर पंखे फिरताहेत, तरी पुढच्या रांगेतल्या काकी पदराने वारा घेताहेत. तिथूनच सुरुवात करतो. आज फोंड्यात पारा पस्तिसाच्या आसपास असेल. मी 1994 पासून 2019 पर्यंत, पंचवीस वर्षं, कुवेतमध्ये राहिलो. तिथे जुलैत रात्री बारा वाजता एवढं तापमान असतं, आणि दुपारी पन्नासाच्या आगेमागे. 21 जुलै 2016 ला कुवेतच्या वायव्येला मित्रिबा म्हणून जागा आहे, तिथे 53.9 अंश नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने नंतर तपासून हा आशियातला उच्चांक मान्य केला.

आणि तरीही काकी, असा पदर तिथे भिजत नाही. हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. शर्टाच्या कॉलरवर मिठाची पांढरी रेघ राहते, तेवढीच खूण. म्हणूनच तो उन्हाळा घातक. अंगातलं पाणी संपत आलं तरी माणसाला कळत नाही. इथे आपण उकाड्याने हैराण होतो पण सावध असतो. तिथे पहिल्या वर्षी मी दोनदा काम करता करता खाली बसलो, आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी ठणठणीत आहे.

पत्रिकेत माझा विषय ‘वाळवंटी शहरातलं जगणं : काय गेलं, काय मिळालं’ असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याआधी जाता जाता एक. कुवेत स्वतंत्र झाला 19 जून 1961 ला आणि आपला गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. बरोबर सहा महिन्यांचं अंतर. त्याच सालापर्यंत तिथे रुपया चालत होता. पंख्याला ते आजही ‘बंका’ म्हणतात, बुटाला ‘जूती’. जुन्या पिढीतले कुवेती मुंबईच्या हिंदीत दोन वाक्यं बोलतात. तेव्हा मी परक्या ठिकाणी राहिलो असं मला कधी वाटलं नाही. असो.

गोष्ट 2001 सालची. आम्ही फहाहीलला राहत होतो. ऑगस्टमध्ये आमच्याकडे मुलगी झाली आणि तिच्यासाठी आई सावई-वेऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. सगळं आयुष्य कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत गेलेली बाई. पहिल्याच सकाळी न्हाणीघरातून तिची हाक आली. निळ्या खुणेचा, म्हणजे थंड पाण्याचा नळ तिने सोडला होता आणि हात पोळला होता. मी सांगितलं, “आई, उन्हाळ्यात थंड पाणी लाल नळाला येतं.” तिला वाटलं मी तिची चेष्टा करतोय. पण खरंच तसं असतं. टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात. त्यातलं पाणी हात लावू देत नाही. गिझर मात्र घराच्या आत, एसीच्या गारव्यात. मे महिन्यात त्याचं बटण बंद करायचं, की तोच थंड पाण्याचा साठा होतो. फक्त तेवढ्या पाण्यात आंघोळ आटपायची, कारण गिझर रिकामा होत गेला की वरचं उकळतं पाणी त्यात उतरतं.

दुसऱ्या दिवसापासून आईने कारभार हातात घेतला. रात्री निजताना दोन बादल्या भरून खोलीत ठेवायच्या, सकाळी बाळाच्या आंघोळीला ते पाणी. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. तुळस तिने प्लास्टिकच्या डब्यातून आणलेली, खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवलेली. आणि चार-पाच दिवसांनी तिने मला विचारलं, “पाऊस नाही, नदी नाही, झर नाही. मग हे पाणी येतं कुठून?”

मित्रहो, मी तेव्हा सात वर्षं त्याच कामात होतो. अझ-झूरच्या प्लांटमध्ये, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीवर. सात वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, ना घरच्यांनी, ना इथे सुट्टीवर आल्यावर तुम्ही. पगार किती हे सगळ्यांनी विचारलं.

मी तिला जेवणाच्या टेबलावर पेले मांडून दाखवलं. समुद्राचं पाणी आधी जाळ्यांतून घ्यायचं, कारण शेवाळ येतं, कधी जेलीफिशचे थवे येऊन तोंड बंद करतात. मग ते तापवून एकामागून एक कप्प्यांतून सोडायचं. प्रत्येक कप्प्यात हवेचा दाब आधीच्यापेक्षा कमी. दाब कमी झाला की पाणी शंभर अंश व्हायची वाट पाहत नाही, आत शिरताक्षणी त्याची भसकन वाफ होते. ती वाफ वरच्या नळ्यांवर निवते आणि थेंब थेंब पन्हाळीत पडतं ते गोडं पाणी. गंमत पुढे आहे. त्या नळ्यांतून वाहत असतं ते नव्याने आत येणारं समुद्राचंच पाणी. म्हणजे वाफ निवताना जी उष्णता सोडते, ती पुढच्या पाण्याला तापवायला लागते, वाया जात नाही. नळ्यांच्या आत क्षार धरतात, ते घासून काढायला स्पंजासारखे रबरी चेंडू पाण्याबरोबर सोडतात. ते चेंडू मोजणं, झिजलेले बदलणं हे माझं पहिल्या वर्षाचं काम.

असं पाणी अगदी बेचव लागतं. म्हणून त्यात जमिनीतलं थोडं मचूळ पाणी मिसळतात आणि मग ते घरोघरी जातं. आई म्हणाली, “म्हणजे पाण्याला चव यायला खारं पाणीच लागतं!” मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “अगस्तीने समुद्र प्याला होता. तुमचं हे शहर रोज पितंय.”

कालकेय दैत्य समुद्रात लपले, देवांनी विनवलं आणि अगस्तीने समुद्र पिऊन टाकला, ही महाभारतातली कथा तुम्हाला ठाऊक आहे. मी ती दुसऱ्या दिवशी आमच्या शिफ्टच्या प्रमुखांना मोडक्या अरबीत सांगितली. वयस्क कुवेती गृहस्थ. त्यांचे वडील बूम जातीच्या गलबतावर खलाशी. खजूर घेऊन मुंबईला, मलबारला जायचे आणि लाकूड घेऊन परतायचे. आजोबा त्याही आधी शत्त-अल-अरब नदीचं गोडं पाणी गलबतात भरून आणायचे. कुवेतच्या बंदरात ते पाणी विकलं जायचं, गाढवांवर पखाली लादून गल्लोगल्ली फिरायचं. शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा कारखाना 1953 ला सुरू झाला, तोवर शहर अशा आणलेल्या पाण्यावर आणि मचूळ विहिरींवर जगलं. कुवेत टॉवर्सचे निळे गोळे तुम्ही फोटोत पाहिले असतील. शोभेची वास्तू म्हणून सगळे ते पाहतात. त्यांतल्या दोन गोळ्यांमध्ये पाणी साठवलेलं आहे. ज्या गावाने पाणी विकत घेऊन प्यालं, त्याने श्रीमंती आल्यावर स्मारक बांधलं ते पाण्याच्या टाकीचं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तर ते गृहस्थ म्हणाले, “तुझी आई परत जायच्या आधी तिला घेऊन ये. सुहेल दाखवतो.” सप्टेंबर लागला की तिथे सगळे सुहेलची वाट पाहतात. सुहेल म्हणजे एक तारा. तो पहाटे दिसू लागला की उन्हाचा कणा मोडला, रात्री निवायला लागल्या, असं मानतात. आपल्याकडे जून लागला की माणसं आभाळाकडे बघतात ना, तसं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पहाटे चारला निघालो. आई, मी आणि ते. बायको बाळाजवळ घरी. झूरच्याही दक्षिणेला, दिवे संपतात तिथे त्यांनी गाडी उभी केली. पाठीमागे आमच्या प्लांटची धुरांडी, एका अंगाला काळा समुद्र, पुढे नुसती वाळू. वाळू पायांना गार लागत होती, त्या मोसमात प्रथमच. त्यांनी दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर बोट केलं. एक तारा धुळीतून थरथरत होता. “माँजी, सुहेल.”

आईने आधी वर व्याधाचा तारा शोधला, तिथून नजर खाली आणली आणि म्हणाली, “हा तर अगस्ती.”

तिच्या वडिलांनी तिला लहानपणी कुळागराच्या बांधावरून तो दाखवला होता. अगस्ती उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, पाटाचं पाणी पिता येतं, असं ते सांगायचे. मी हे त्या गृहस्थांना सांगितलं. मागे त्यांना जी समुद्र पिणाऱ्या ऋषीची गोष्ट ऐकवली होती, त्या ऋषीचा हा तारा. एकच तारा, आमच्याकडे तो पाणी निवळवतो, तुमच्याकडे ऊन निववतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग फ्लास्कमधला चहा त्यांनी आधी आईला दिला.

तिथे अगस्ती क्षितिजाच्या वर जेमतेम आठ अंश चढतो. आपल्या गोव्यातून तो बावीस अंशांपर्यंत येतो, व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मग मुख्य विषय आता भराभर घेतो.

काय गेलं? पाऊस गेला. तिथे वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर. माझी मुलगी पाच वर्षांची असताना प्रथम जूनमध्ये सावईला आली. पडवीत उभी राहून तिने विचारलं, “हे पाणी बंद कोण करतं?” ते ऐकून मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चार महिने मुलं दिवसा घराबाहेर पडत नाहीत, रात्री दहाला बागेत खेळतात. धुळीचं वादळ आलं की भरदुपारी नारिंगी अंधार होतो. नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो. तिथे आयुष्य घालवता येतं, म्हातारपण घालवता येत नाही. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते चार उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. चांगला नियम. पण अकराच्या आधीचं ऊनही ऊनच असतं, आणि ते कोणाच्या पाठीवर पडतं हे मी रोज पाहिलं.

आणि सगळं एका दोरीला टांगलेलं. वीज गेली की गारवाही गेला, पाणीही. 1991 च्या युद्धात आखातात तेल सांडलं, तेव्हा पाणी घेणाऱ्या तोंडांपर्यंत ते पोचेल ही धास्ती होती. आमच्या घरी मुलीच्या बारशादिवशीच एसीचा कॉम्प्रेसर जळला. इमारतीचा माणूस चार दिवस ‘बुकरा, बुकरा’ म्हणत राहिला, म्हणजे उद्या. बारा दिवसांचं बाळ घरात. समोरच्या पालक्काडच्या कुटुंबाने आपली एक खोली मोकळी करून दिली. पाळणा तिथे बांधला, बारसं तिथे झालं.

हे मिळकतीत धरा. अशी शेजारपणं मिळाली, कारण त्या उन्हात कोणाचंच एकट्याने भागत नाही. नोव्हेंबर ते मार्चचा सुंदर हिवाळा मिळाला, वाळवंटात तंबू ठोकून काढलेल्या रात्री मिळाल्या. झुबैदी मिळाली, म्हणजे आपलं पापलेट, आणि ते त्यांनाही आपल्याइतकंच प्रिय. घर बांधलं, मुलगी शिकली. आणि पाणी कुठून येतं हे सांगता येण्याची सवय मिळाली.

हेच मला सांगायचं होतं आणि त्यालाच वेळ उरला नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर फिरतात. नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं एवढं आपल्याला माहीत असतं, पण ओपाच्या आधी खांडेपार नदीत ते कुठल्या डोंगरातून उतरलं, हे आपल्या मुलांना माहीत नाही. परतल्यावर मी आईच्या माहेरची झर शोधायला गेलो. तिच्या तोंडावर बांधकामाचा राडारोडा टाकलेला होता. कोणी टाकला हे गावाला माहीत आहे, मी इथे नाव घेत नाही. आम्ही पाच जणांनी तीन रविवार खपून तो उपसला. पाणी आलं, बारीक, पण आलं. त्यानंतर मी वाड्यावाड्यांवरच्या झरींची एक वही केली आहे : झर कुठे आहे, कोणत्या महिन्यापर्यंत वाहते, तिचा पाट कोणाच्या कुळागरात जातो. सध्या तिच्यात एकोणीस झरी आहेत. तुमच्या वाड्यावरची आठवत असेल तर जाताना मला सांगा. वही आणि पेन दाराशी ठेवलं आहे.

दुसरी चिठ्ठी आली. फक्त एक. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला दक्षिण मोकळी असेल अशा जागी मुलांना घेऊन उभे राहा. आधी व्याध शोधा, मग सरळ खाली या. आई गेली त्या वर्षापासून मी दरवर्षी सावईच्या बांधावर जातो. कोणाला यायचं असेल तर या, रस्ता मी दाखवीन.