शेजारी किती विचारायचे?

[काळ्या पडद्यावर एकेक पांढरा ठिपका उमटतो]

डावीकडे आहे ती ट्रेनिंग इमेज, म्हणजे नमुन्याचं चित्र. २५० बाय २५० घरं, चिखलाच्या थरात नागमोडी गेलेले वाळूचे पट्टे. भूसांख्यिकी, म्हणजे जमिनीच्या रचनांचं संख्याशास्त्र, शिकलेल्यांच्या हे चित्र चांगलंच ओळखीचं. उजवीकडची चौकट रिकामी. तिथे हेच चित्र उमटवायचं नाही, याच वळणाचं दुसरं काढायचंय.

चिठ्ठी उचलावी तसं एक रिकामं घर निवडलं जातं. आसपासची भरलेली घरं म्हणजे शेजारी. तशीच मांडणी ट्रेनिंग इमेजमध्ये शोधायची आणि तिथली किंमत इथे आणायची. लोझान विद्यापीठातून २०२० साली आलेल्या क्विकसॅम्पलिंग या पद्धतीला त्यासाठी दोन आकडे लागतात. 'एन', म्हणजे शेजारी किती विचारायचे. 'के', म्हणजे सर्वात जुळणाऱ्या कितींमधून एक उचलायचा. के पूर्णांकच हवा असंही नाही. दीड ठेवला तर साधारण तीनांत दोनदा पहिला, एकदा दुसरा.

[तीन चौकटी शेजारी शेजारी]

एन फार कमी: पट्टे मध्येच तुटले. के फार मोठा: मीठ सांडल्यासारखे ठिपके. के एक, एन भरपूर: वा, देखणं! पण थांबा, रंग चढवू. प्रत्येक घराची किंमत ट्रेनिंग इमेजमध्ये जिथून आली, त्या जागेचा रंग. हे मोठमोठे सलग डाग दिसतायत? तेवढे तुकडे जसेच्या तसे उचललेत.

हे आकडे बहुतेकदा डोळ्यांनीच जुळवले जातात. पुन्हा चालवा, पुन्हा बघा. गुण देणारं सूत्र लावलं तरी फसगत होते, कारण मूळ चित्राशी साम्य मोजायला गेलं की सर्वाधिक गुण नकलेलाच.

हे आकडे ठरवायला २०२३ साली आलेल्या पद्धतीत ट्रेनिंग इमेजचीच परीक्षा घेतात. एक घर झाकायचं, भोवतालची काही घरं ठेवायची, बाकीची पुसायची. किती ठेवायची? चौकट भरायला लागते तेव्हा शेजारी लांबलांब असतात, संपत येते तेव्हा खेटून; म्हणून टप्प्यागणिक वेगळी दाटी. मग एन-केच्या प्रत्येक जोडीने झाकलेलं घर ओळखायचं आणि चूक मोजायची. मूळ जागा मात्र शोधातून वगळायची. नाहीतर घर स्वतःलाच सापडतं, चूक शून्य येते आणि नक्कल पुन्हा जिंकते.

[चौकट भरत जाते]

आता प्रत्येक टप्प्याला त्याची स्वतःची जोडी. जमिनीखाली प्रदूषण कुठल्या वाटेने जाईल, हे अशा शेकडो चित्रांतून अजमावतात.

ट्रेनिंग इमेज बदलली की परीक्षा पहिल्यापासून.