चित्र काढून बरं वाटतं, पण बरं होतं का?

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी स्वतः आर्ट थेरपीचे, म्हणजे चित्रं काढून मनावर उपचार करण्याचे, ग्रुप घेते, त्यामुळे ही बाई तिच्याच मालाची जाहिरात करणार असं तुम्हाला वाटत असेल तर बरोबरच आहे, म्हणून आज आधी न आवडणारी गोष्ट सांगते.

२०१२ मध्ये ब्रिटनमधल्या मॅटिस नावाच्या ट्रायलचे निकाल आले. स्किझोफ्रेनियाचे ४१७ पेशंट, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला नेहमीच्या उपचारांसोबत ग्रुपमध्ये आर्ट थेरपी, दुसऱ्याला तेवढाच वेळ बोर्ड गेम, सिनेमा, कॅफेत जाणं वगैरे, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी मोजलं तर आर्ट थेरपीवाले ना लक्षणांत पुढे होते ना रोजच्या जगण्यात. मी वाचलं तेव्हा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. आता आमच्यातले लोक म्हणतात की त्यातले बरेच जण सेशनला फिरकलेच नाहीत, आणि ते खरंय, पण अहो, पेशंट येतच नाही हासुद्धा उपचाराचाच निकाल झाला ना?

मग दुसऱ्या बाजूला काय आहे? २००६ चा एक अभ्यास आहे, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेले कॅन्सरचे ५० पेशंट, एक तासाचं सेशन, आणि त्यानंतर दुखणं, थकवा, काळजी अशा ९ पैकी ८ त्रासांत फरक पडला, फक्त मळमळ तेवढी तशीच राहिली. छान वाटतं ऐकायला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणजे कोणीतरी तासभर शेजारी बसून नुसत्या गप्पा मारल्या असत्या तरी हेच झालं असतं का, सांगता येत नाही. शिवाय औषधाच्या ट्रायलमध्ये तुलनेसाठी खोटी गोळी देतात, तसं इथे करता येत नाही, हातात ब्रश आहे हे पेशंटला दिसतंच की.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवलं ते वेगळ्याच प्रयोगांनी. लोकांना आधी मुद्दाम उदास केलं, मग काहींना मनात जे चाललंय तेच काढा सांगितलं आणि काहींना भलतंच काहीतरी, आणि ज्यांनी भलतंच काढलं त्यांचा मूड जास्त सुधारला! म्हणजे आपण जे सारखं म्हणतो, सगळं बाहेर काढ, मोकळी हो, ते निदान त्या थोड्या वेळापुरतं तरी उलटं निघालं. ट्रॉमाचं, म्हणजे मनावरच्या मोठ्या आघाताचं, काम वेगळं असतं, तिथे हळूहळू त्या गोष्टीपाशी जावंच लागतं, पण पहिल्याच दिवशी ‘तुमचं दुःख काढा’ असं मी आता कोणाला सांगत नाही.

ॲड्रियन हिल नावाच्या चित्रकाराने १९४२ मध्ये हा ‘आर्ट थेरपी’ शब्द काढला, आणि तोही सॅनेटोरियममधल्या अनुभवातून, त्याला टीबी झाला होता आणि तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. पडल्या पडल्या समोर दिसेल ते तो काढायचा. चित्रांनी जंतू मेले नाहीत, दिवस निघाले.

आणि प्लीज, काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन, असलं काही चित्रावरून ओळखत बसू नका. कधीकधी डब्यात बाकीचे खडू तुटलेले असतात, बस.

माझ्या एका ग्रुपमध्ये एक काका होते, तीन सेशन नुसता एक चौकोन काढून तो खडूने इतका दाबून भरायचे की कागद मागून चमकायचा, एक शब्द नाही. चौथ्या वेळी मान वर करून म्हणाले, "वाकडा झालाय, खोडरबर आहे का?" ऑइल पेस्टल खोडरबरने जात नाही, नुसतं पसरतं, मग आम्ही दोघांनी बसून तो चौकोन आणखीच घाण केला आणि ते हसले. मी खूश! घरी जाताना फाईल बघितली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या गोळीचा डोस बदललेला. खोडरबरचं मी त्याच्याच खाली लिहून ठेवलं.