तुला आणि तुळई

[दृश्य: काचेच्या पेटीतला सराफी काटा. पारडी संथ डोलताहेत.]

या काट्यात पाहायची गोष्ट एकच, मधली आडवी दांडी.

संस्कृतात तराजूला तुला म्हणतात आणि छपराला आधार देणाऱ्या आडव्या लाकडालाही तुला म्हणतात. तुळा रास त्या शब्दातून आली, तुलना आली, आणि वाड्याची तुळईसुद्धा. मला हे नातं फार नेमकं वाटतं. दोन्हीकडे आडवी दांडी आहे आणि तिच्यावर भार आहे.

आधी काटा. एका पारड्यात अंगठी, दुसऱ्यात वजनं, दांडीचे दोन्ही हात सारख्या लांबीचे. पृथ्वी दोन्ही पारड्यांना सारखीच ओढते, म्हणून ती ओढ हिशेबातून निघून जाते. उरते ती वस्तुमानाची वस्तुमानाशी तुलना. हा काटा चंद्रावर नेला, तिथे वजन एक षष्ठांश झालं, तरी तोळाभर सोनं तोळाभरच भरेल.

जुने सराफ गुंजेच्या बियांनी सोनं जोखायचे. ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. एका गुंजेचा फरक दाखवायचा, तर दांडी फार हळवी लागते. आणि इथेच काटा घडवणाऱ्याची खरी झुंज सुरू होते.

[दृश्य: दांडीच्या मधली धार, अगदी जवळून.]

दांडी मध्यभागी एका धारेवर टेकलेली असते, आणि टोकांच्या दोन धारांवर पारडी लटकतात. तिन्ही धारा एका रेषेत असल्या, तर हलका माल काय आणि जड माल काय, काटा सारखाच चोख. पण भार वाढला की दांडी वाकते. डोळ्याला दिसत नाही, तरी वाकते. टोकांच्या धारा मधल्या धारेच्या खाली उतरतात, मग भरलेली पारडीच दांडीला आडवी धरून ठेवू लागतात. गुंजेचा फरक तिला कळेनासा होतो.

दांडी जाड करावी, तर ती स्वतःच जड होऊन सुस्तावते. म्हणून प्रयोगशाळेतल्या काट्यांची दांडी मध्ये उंच, टोकांकडे निमुळती, आणि आत त्रिकोणांची पोकळ जाळी. पत्र्याच्या छपराखालची कैचीच जणू.

[दृश्य: दोन वह्यांवर आडवी ठेवलेली फूटपट्टी. बोटानं दाब.]

उंचीला एवढं महत्त्व का? पट्टी सपाट ठेवून दाबा, लगेच वाकते. तीच कडेवर उभी धरा, वाकतच नाही. लाकूड तेवढंच आहे. दहा सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळी उभी केली की तिचा ताठपणा १६ पट होतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, पण उंची दुप्पट केली तर आठपट. उलट दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं, तर मध्ये ठेवलेल्या त्याच ओझ्यानं फळी आठपट लवते. जुन्या घरात दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणत आणि घर खणांवर मोजत. तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी कड्यांना एवढीच झेप घ्यावी लागायची.

[दृश्य: भिंतीतून पुढे आलेला वासा, टोकाला वजन.]

हे कोडं पहिल्यांदा नीट मांडलं गॅलिलिओनं. १५८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यानं पाण्यात वस्तू तोलणाऱ्या काट्यावर एक लहानसा निबंध लिहिला होता. १६३८ मध्ये, नजरकैदेत आणि आंधळा झालेला असताना, त्याचं शेवटचं पुस्तक लायडनमध्ये छापलं गेलं. त्यात भिंतीतून बाहेर आलेला वासा आहे, आणि त्याचा हिशेब गॅलिलिओनं तरफेसारखाच मांडला. उंचीच्या वर्गानं बळ वाढतं हे त्यानं बरोबर ओळखलं. चूक एवढीच झाली, की वाशाचे सगळे तंतू सारखेच ताणले जातात असं त्यानं धरलं. त्यामुळे त्याच्या हिशेबात वासा तिप्पट बळकट निघतो.

प्रत्यक्षात भिंतीतून पुढे आलेल्या वाशाचा वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो, आणि मध्ये एक थर असा असतो, की तो ना ताणला जातो ना दाबला जातो. म्हणून लोखंडी गर्डरचा जाड भाग वर आणि खाली असतो. मधलं पोट पातळ असलं तरी चालतं.

आपल्या इमारतीचा छज्जा म्हणजे गॅलिलिओचा तोच वासा. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून छज्ज्याच्या मुख्य सळया वरच्या बाजूला हव्यात. स्लॅब भरताना कुणाच्या पायानं त्या खाली दबल्या, तर लोखंड पुरेसं असूनही छज्जा पडू शकतो. ओतकाम चालू असताना तिथे उभं राहून सळया पाहणारा माणूस हवाच.

[दृश्य: वाण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. त्यावर साखरेची पिशवी.]

आता दुकानातला हा काटा. पारडी दोन नाहीत, दांडी दिसत नाही. पण ताटाखाली ॲल्युमिनियमची एक बोटभर जाड पट्टी आहे. एक टोक तळाला घट्ट बसवलेलं, दुसऱ्यावर ताटाचा भार. साखर ठेवली की ती नखभरही दिसणार नाही इतकी वाकते. पट्टीवर चिकटवलेल्या बारीक तारा तिच्याबरोबर ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो, आणि पडद्यावर आकडा उमटतो.

काटा घडवणारे ज्या वाकण्याशी झुंजले, तेच इथे मोजलं जातं. मात्र ही पट्टी पृथ्वीची ओढ मोजते, वस्तुमान नव्हे, आणि ती ओढ ध्रुवापाशी विषुववृत्तापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्यानं जास्त असते. म्हणून असा काटा तपासताना त्याच्यावर खात्रीचं वजन ठेवून आकडा जुळवावा लागतो.